नव्याण्णव म्हशी

खांबांवरच्या घराच्या शिडीवर पावलं वाजली तेव्हा सिवोनला वाटलं, थोंगदी आला. गावप्रमुखानं बोलावलं म्हणून नवरा सकाळीच गेला होता. ऊन डोक्यावर आलं तरी त्याचा पत्ता नव्हता.

पण वर आल्या त्या बायका. पुढं थोंगदीची आत्या, बुन्मीआत्या. तिच्या हातात चांदीचा वाडगा, वाडग्यात पांढऱ्या सुती धाग्यांची जुडी. मागं शेजारची ओनसी आणि आणखी तिघी.

गावच्या आत्म्यांना कोंबडं द्यायचं या घरानं बंद केलं, तेव्हापासून ही शिडी कुणी चढलं नव्हतं. एकटी ओनसी यायची, तीही मागच्या अंगानं, लसूण मागायच्या निमित्तानं. येशूची एखादी गोष्ट ऐकायची आणि लसूण विसरून जायची.

"बसा ना, आत्या." सिवोननं घाईघाईनं चटई पसरली. भेटायलाच आल्यात, असं तिनं स्वतःला सांगितलं.

पाणी पुढं केलं. आत्यानं भांडं हातात घेतलं आणि न पिताच खाली ठेवलं. बाकीच्यांनीही तसंच केलं.

"मलीला बोलाव. धागा बांधायचाय."

आतून मली धावतच आली. सिवोननं लेकीला स्वतःकडं ओढलं. "आत्या, आम्ही धागा बांधत नाही. तुम्हांला माहीत आहे."

"तुम्ही नका बांधू. आम्ही बांधतोय."

कुणीच हसलं नाही. एरवी नळावर सिवोननं तोंड उघडायचा अवकाश, की या बायका तुटून पडायच्या. 'तुझ्या देवाला कोंबडं चालत नाही, मग तो जगतो तरी कशावर?' हरवलेल्या म्हशीची गोष्ट सांगितली, त्या दिवशी तर आत्या खो खो हसली होती. 'नव्याण्णव म्हशी रानात सोडून एकीमागं धावला? असल्या गुराख्याकडं मी रेडकूसुद्धा देणार नाही!'

आज त्या आपणहून आल्या होत्या. अशी वेळ पुन्हा यायची नाही, असं वाटून सिवोननं तीच गोष्ट पुन्हा सांगायला घेतली. रान, काळोख, गुराख्याची हाक. सगळ्या गप्प राहून ऐकत होत्या. फक्त एकीची नजर छताच्या वाशांवरून फिरत होती. दुसरी कोपऱ्यातल्या हातमागाकडं बघत होती, बाजारात बघतात तशी.

"गोष्ट चांगली आहे," आत्या म्हणाली. "पण आम्हांला नव्याण्णव सांभाळायच्यात, सूनबाई. या महिन्यात गावातली दोन पोरं तापानं गेली."

"त्यांच्यासाठी मी रोज प्रार्थना करत होते, आत्या."

"हो. ते सगळ्यांना माहीत आहे."

तेवढ्यात मली सिवोनच्या हातातून सुटली आणि मनगट पुढं करून आत्यासमोर बसली. आत्यानं तिच्या तळहातावर उकडलेलं अंडं ठेवलं आणि धागा गुंडाळत पुटपुटू लागली.

धागा नवजात बाळाला बांधतात. नवरीला बांधतात. आजाऱ्याला बांधतात. या घरात तर बाळंतपण नाही, लग्न नाही, आजारपण नाही. सिवोन मनाशी घोकत होती, तोच तिघींनी पदराआडून पुडकी काढून चटईवर ठेवली. केळीच्या पानात बांधलेला चिकट भात. एवढा भात एका जेवणाला कुणी आणत नाही. अशी पुडकी तिनं पाहिली होती ती ओनसीच्या भावाकडं, तो राजधानीला कामाला निघाला त्या दिवशी. कोपरापर्यंत धागे बांधून घेऊन तो ट्रकमध्ये चढला होता.

आता आत्याचे शब्द नीट ऐकू आले.

"...वाटेत पाय घसरू नये. नदीनं उतार द्यावा. मागं वळायची वेळ येऊ नये."

"आत्या, आम्ही कुठंही जात नाही आहोत!"

आत्यानं गाठ मारली.

खाली छोट्या ट्रॅक्टरची टकटक आली आणि शिडीपाशी थांबली. बांबूच्या जमिनीच्या फटीतून सिवोनला ट्रॉली दिसली. ट्रॉलीत थोंगदी बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. त्यानं मान वर केली नाही.

"आता तुझा हात दे."

"नको. मी प्रार्थना करीन."

"कर की. ट्रॉलीत बसून कर. रस्ता लांबचा आहे."

तिघी उठल्या. एकीनं हातमागाला हात घातला. मली आपलं मनगट उन्हात धरून बघत होती. "आई, मला किती छान दिसतंय!"

तेव्हा ओनसी पुढं सरकली. तिनं न विचारता सिवोनचा हात ओढून घेतला, वाडग्यातला एक धागा उचलला आणि गाठ मारायला इतकी वाकली, की तिचा श्वास सिवोनच्या मनगटाला लागला. ओठ हलत होते. पण ते वाटेचे शब्द नव्हते. ओनसी लसणाच्या निमित्तानं यायची तेव्हा सिवोननं तिला शिकवलेल्या प्रार्थनेची ती पहिली ओळ होती. मग दुसरी.

सिवोननं हात मागं घेतला नाही.

"काय पुटपुटतेस गं?" आत्यानं विचारलं.

ओनसी ताठ झाली. "काही नाही. हिच्या कोंबड्यांना दाणे मी घालीन, असं सांगत होते."

आत्या ओनसीच्या रिकाम्या मनगटाकडं बघत राहिली. मग तिनं वाडगा उचलून पोटाशी धरला. वाडग्यात अजून धागे होते.