शांत परिसर

संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी वृंदाने मुलीला फोन लावला. तो बंद होता.

ती स्वयंपाकघरात होती. बाहेरच्या खोलीत फ्लॅट बघायला आलेलं जोडपं बसलं होतं. दिपेशचा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सचा कारखाना होता. त्याला आणि मनालीला तिथल्या गर्दीतून बाहेर पडून इकडे खरवईला राहायला यायचं होतं. वृंदाचे सासरे श्यामकांत सोसायटीचे सेक्रेटरी होते. बोलणं त्यांनीच हातात घेतलं होतं.

"ऐंशी-ब्याऐंशी साली मी अंबरनाथला कंपनीत होतो," ते म्हणाले. "पगाराच्या दिवशी गेटवर चाकू निघायचे. आता ऐकलंत कधी? गुन्हे कमी झालेत हो. बातम्या तेवढ्या वाढल्यात."

"चाकू नाही निघत काका, पण मोबाईल तर खेचतातच ना," दिपेश हसला. "आमच्याकडे कोण कम्प्लेंट करतो? धंदा सोडून चौकीत बसायचं, फालतूमध्ये दिवस जातो."

"इथे मुलींना सेफ आहे ना?" मनालीने विचारलं. "आमची सातवीत आहे."

"एकदम," वृंदाचा नवरा पुष्कर म्हणाला. "आमची राजसी दहावीला आहे. एकटी क्लासला जाते, एकटी येते."

आत वृंदाच्या हातात फोन होता. पोहे परतताना तिने तो बघितलाच नव्हता. राजसीचा मेसेज येऊन वीस मिनिटं झाली होती. 'पुढचा रोड खोदलाय. रिक्षा मागच्या वळणावर सोडतेय. चालत येते.'

मागच्या वळणापासून गेटपर्यंत यायला पाच मिनिटं लागतात. रस्ता नवा आहे. एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला बांधकामाचे पत्रे. खांब उभे आहेत, दिवे अजून लागलेले नाहीत.

वृंदाने पुष्करला आत बोलावलं आणि फोन त्याच्यासमोर धरला. त्याने मेसेज वाचला. त्याचा चेहरा उतरला.

"तिला सांगितलं नव्हतंस, तिकडून यायचं नाही म्हणून?"

"तूच म्हणालास, मुलांना कळू देऊ नको. ग्रुपवर टाकतात."

पुष्करने बाहेर नजर टाकली. दिपेश बाल्कनीचं दार सरकवून बघत होता. "यांना निघू दे. पाचच मिनिटं. मग मी जातो."

"पाच मिनिटं?" वृंदा म्हणाली. तिने गॅस बंद केला आणि पाहुण्यांच्या समोरून अनवाणीच बाहेर पडली.

पहिल्या मजल्यावर द्रौपदीताईंचं दार उघडं होतं. त्यांच्या कोपराची पट्टी अजून सुटली नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी त्याच रस्त्यावर बाईकवरच्या दोघांनी त्यांच्या गळ्यातलं मंगळसूत्र ओढलं होतं. ते तुटेना, म्हणून त्यांना पत्र्यांपर्यंत फरपटत नेलं होतं. त्या पोलिसांकडे निघाल्या होत्या. श्यामकांत आणि पुष्कर दोघंही त्यांच्या घरी जाऊन बसले. पेपरात सोसायटीचं नाव येईल, फ्लॅट बघायला लोक येताहेत, जिवावरचं बोटावर निभावलं, असं बरंच बोलणं झालं. वृंदाने त्यांच्यासाठी डबा पाठवला होता.

वृंदाचा श्वास वर चढला होता. "राजसी," एवढंच तिला बोलता आलं.

"मागनं येतेय?" द्रौपदीताईंनी विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यांनी टॉर्च घेतली.

दोघी वळणापर्यंत पळत गेल्या. रस्त्यावर कोणी नव्हतं. वृंदाने हाका मारल्या. पत्र्यांमागे कुत्री भुंकायला लागली. वळणावर एक शेअर रिक्षा उभी होती. रघु नावाचा रिक्षावाला तंबाखू मळत होता.

"क्लासवाली ना? बॅगवाली? सोडली की मघाशी. शेवटची सीट तिचीच होती," तो म्हणाला. "तिच्या मागनं एक बाईक आत गेली बघा. लाइट नव्हती गाडीला. मला वाटलं तुमच्यातलीच पोरं असतील."

वृंदाने राजसीला पुन्हा फोन लावला. बंदच.

तोवर पुष्कर आणि श्यामकांत येऊन पोचले. मागोमाग दिपेश आणि मनालीही. पुष्करने ११२ लावून फोन स्पीकरवर टाकला. त्याने मुलीचं नाव, वय, कपडे सांगितले.

"त्या रस्त्यावर याआधी असा काही प्रकार घडलाय का?" पलीकडून बाईंनी विचारलं.

मनाली पुष्करकडे बघत होती. श्यामकांतांनी त्याच्या हातातून फोन घेतला.

"घडलाय," ते म्हणाले. "पंधरा दिवसांपूर्वी. बाईकवर दोघं होते."

"वर्णन सांगा. गाडी कुठली, रंग, नंबर, काहीही."

श्यामकांतांनी फोन द्रौपदीताईंच्या तोंडाशी धरला.

"सांगा ना ताई, लवकर. काळी होती का? तुम्ही म्हणाला होतात काहीतरी. नंबरचं पण काहीतरी म्हणाला होतात."

द्रौपदीताईंनी डोळे मिटले. ओठ हलले. मग त्यांनी मान हलवली.

"तेव्हा सगळं डोळ्यांसमोर होतं, दादा," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात विसरा. रोज बसून विसरले मी."

"हॅलो? वर्णन सांगताय ना?" फोनमधून आवाज आला.

साडेसात वाजता पोलिसांची गाडी निघाल्याचं कळवण्यात आलं. राजसीचा फोन तेव्हाही बंद होता.