न ऐकलेलं प्रवचन

रिक्षा पुरती थांबायच्या आत विमलाने पाय खाली टाकला. "रघू, जाऊ नको. इथंच थांब," एवढं रिक्षावाल्याला म्हणून ती यमुनाबाईंच्या अंगणात शिरली.

लांज्याच्या काजू कारखान्यात गेली सहा वर्षं दोघी शेजारी बसून काजू सोलत होत्या. यमुनाबाई दोन दिवस कामावर आल्या नव्हत्या. आज सकाळी विमलाने फोन केला, तेव्हा त्या उत्साहाने म्हणाल्या, "तू पाठवलंस ते ऐकून मनस्वीची साखरेची इंजेक्शनं बंद केली गो. आता देवच बघेल."

विमलाने असं काही सांगितलं नव्हतं. रविवारी चर्चच्या ग्रुपवर मुंबईच्या कुणा बाईंचं प्रवचन आलं होतं. सुरुवातीचं गाणं तिला आवडलं. यमुनाबाई बरेच दिवस तिच्या देवाबद्दल विचारत होत्या, म्हणून तिने ते तसंच त्यांना पाठवलं. पुढचं तिने ऐकलंच नव्हतं. ते आज कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून ऐकलं. बाई ठासून सांगत होत्या, औषध घेणं म्हणजे देवावर संशय घेणं.

रिक्षात ती सारखी पवित्र शास्त्राची पानं उलटत होती. हाताला येत होत्या त्या सगळ्या विश्वासाने बऱ्या झालेल्यांच्या गोष्टी. आंधळा, कुष्ठरोगी, बारा वर्षं आजारी असलेली बाई. प्रवचनातल्या बाईंचंच बरोबर असेल तर? खड्ड्यात रिक्षा आदळली की पान निसटत होतं. मग एका ठिकाणी ती थांबली आणि तिथं बोट ठेवूनच उतरली.

पडवीत यमुनाबाईंची बारा वर्षांची लेक मनस्वी चटईवर पडली होती. ओठ कोरडे, श्वास भराभर. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता.

"सकाळपासून ओकतेय," यमुनाबाई म्हणाल्या. "त्या बाईनी सांगितलान ना, आधी त्रास होतो, मग सुटका."

"वहिनी, हिला आत्ता दवाखान्यात न्यायची. रघू थांबलाय."

"नाय." यमुनाबाई चटईपुढं आडव्या उभ्या राहिल्या. "दोन दिवस काढलेत पोरीनं. आता सुई टोचली तर सगळा फुकट जाईल. विश्वास मोडला असं होईल."

"देवानं असं कुठंही म्हटलेलं नाही."

"मग दाखव. तुझ्या पुस्तकात दाखव."

विमला तिथंच पडवीच्या पायरीवर बसली. पान उघडलं. वाचायला लागली तर अक्षरं हलायला लागली. तिने पुस्तक मांडीवर ठेवलं आणि तोंडानंच सांगितलं.

"एक राजा होता. मरायला टेकलेला. देव स्वतः म्हणाला, तू बरा होशील. एवढं वचन मिळालं, तरी देवाच्या माणसानं त्याच्या गळवावर अंजिराचा लेप बांधायला लावला. वहिनी, लेप बांधला म्हणून देव रागावला नाही. राजा बरा झाला."

"मग त्या बाईनी कुठला वाचलान?"

"एक ओळ वाचली. मागचं-पुढचं सोडून."

"आणि तू?"

विमलाने मान खाली घातली. "मी तीसुद्धा ऐकली नाही. न ऐकताच तुम्हाला पाठवलं."

चटईवर मनस्वी पुन्हा ओकली. या वेळी तिला मानही उचलता आली नाही.

"आणि नेली, आणि तो रागावला तर?" यमुनाबाईंचा आवाज फाटला.

"तर माझ्यावर रागावू दे."

यमुनाबाई वळल्या. त्यांनी पोरीला उचलून छातीशी धरलं आणि अनवाणीच रिक्षाकडे धावल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी सलाईन लावलं, रक्त तपासलं, मग इन्सुलिन सुरू केलं. ते करता करता विचारलं, "इंजेक्शन कधीपासून बंद आहे?"

"परवापासून," यमुनाबाई म्हणाल्या.

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"माझ्यामुळं झालं," विमला म्हणाली. डॉक्टरांनी तिच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. मधे एका माणसाची जागा मोकळी. विमलाला प्रार्थना करायची होती, पण पहिल्या शब्दापुढं जाता येईना. ती उठत होती, पाण्याच्या टाकीपर्यंत जात होती, पाणी न पिताच परत येत होती. यमुनाबाईंनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांच्या अनवाणी पायांवर चिऱ्याची लाल माती वाळली होती.

चार वाजता डॉक्टर बाहेर आले. साखर उतरायला लागली होती. रात्रभर लक्ष ठेवावं लागेल, पण पोरीनं आईला हाक मारली होती.

विमलाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाली, "वहिनी, माझी चूक झाली. पण त्यापायी देवाला खोटा समजू नका."

यमुनाबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे तोंड वळवलं. चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता थकवा होता.

"तुझा देव मला कुठं ठाऊक होता, विमल?" त्या म्हणाल्या. "मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता."

आतून नर्सने हाक दिली, "मनस्वीचं कोण आहे?"

दोघीही उठल्या.