उत्तर कोणी दिलं?

केदारखेड्याहून आलेल्या बायनाबाई दवाखान्याच्या खाटेवर मान खाली घालून बसल्या होत्या आणि साधना सिस्टरच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांचा लेक गोरक्षनाथच उत्तर देत होता.

"कुठं दुखतं?"

"पोट. दिवाळीपासून पोटच म्हणून राह्यली."

"जेवण?"

"बराबर हाय."

साधना टॅबवर भराभर बोटं मारत शेवटाला आली आणि तिथं नवं सॉफ्टवेअर हटून बसलं. 'उत्तर कोणी दिलं?' यापुढं तिनं 'नातेवाईक' निवडताच त्यानं विचारलं: पेशंट स्वतः का बोलत नाही? बेशुद्ध, मुका, भ्रमिष्ट की तान्हं मूल? एक निवडल्याशिवाय पुढचं पान उघडेना, आणि बायनाबाई तर यातल्या कशातच बसेनात.

साधनानं वैतागून सुस्कारा सोडला. "भाऊ, जरा बाहेर थांबा. सगळं पुन्हा आजींनाच विचारावं लागणार."

"तिला काय सांगता येतंय, सिस्टर?" म्हणत तो गेला.

"हं, सांगा आजी. कुठं दुखतं?"

दार लागेपर्यंत बायनाबाई तिकडंच बघत राहिल्या. मग त्यांनी साधनाचा हात धरला आणि पदराखाली, छातीतल्या टणक गाठीवर नेऊन ठेवला.

"लेकाला हे कसं सांगू, माय? म्हून पोटाचं नाव घेतलं."