मनकर्णाआत्याची जागा

भावांची पोरं पुण्या-मुंबईत कुठंबी पांगलेली असोत, बुद्धपौर्णिमेला मनकर्णाआत्या सगळ्यांना गेवराईजवळच्या आपल्या गावी ओढून आणायचीच. गोदाकाठच्या मसणवाटीत एकेका मातीच्या उंचवट्यापुढं मेणबत्ती लावायला लावायची. "ह्यो तुमचा आजा, ही चुलती. आन् ही मोकळी जागा माझी. इसरू नका."

परवा आत्या गेली. बीडहून आलेला तिचा भाचा विलास चार माणसं घेऊन तिच्यासाठी खड्डा खणायला नदीवर गेला, तर तिथं आधीच विहिरीएवढा खड्डा होता. वाळू उपसणाऱ्यांनी अख्खा काठ खरवडून नेला होता. ना आजा राहिला होता, ना चुलती, ना आत्याची जागा.

विलासचं डोकं फिरलं. "कोण हाय बे त्यो हरामखोर? मेलेल्या माणसांनाबी सोडलं न्हाई!"

गावातच राहणारा त्याचा धाकटा चुलतभाऊ नवनाथ कुदळीला टेकून उभा होता. तो खालमानेनंच म्हणाला,

 

"दादा, तुमीच म्हनला व्हता, घरचा टिपर असताना बीडच्या बंगल्याला वाळू इकत कशाला घ्यायची. ती हितूनच भरली व्हती."