पुतळाबाईंची सुकट

लिंबाजी गुरुजींनी आईच्या पुढ्यातली ताटली उचलली आणि भाजलेली सुकट सरळ नेऊन उकिरड्यावर ओतली. पुतळाबाईंचा हात अजून भाकरीच्या तुकड्यावरच होता.

"किती दिसांनी मागून खात हुत्या, खाऊ द्यायचं की वं!" सून मुक्ताबाई कळवळून म्हणाली.

"मागितलं म्हणून इख द्यायचं का?"

महिनाभर म्हातारीचं अन्नावरून मन उडालं होतं. नळदुर्गच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता पथ्य नको, मागतील ते द्या. आणि तिनं मागितली सुकट. नळदुर्गच्या बाजारात सुकट विकणारी सरुबाई पाटी घेऊन दारावर आली, मुक्ताबाईनं ओंजळभर घेतली, तव्यावर खरपूस भाजली, घरभर वास सुटला. नेमके त्याच वेळी गुरुजी दूध संस्थेतून पेपर वाचून घरी आले.

पेपर सोलापूरहून दुधाच्या टेम्पोतून यायचा, एक दिवस शिळा. दुष्काळानं दूध आटलं होतं, टेम्पो अर्धा रिकामाच परत जायचा, पण पेपर नेमानं यायचा आणि गुरुजी तो संस्थेच्या ओट्यावर सगळ्यांना वाचून दाखवायचे. रशियात अणुभट्टी फुटली होती. तिचं विष ढगांबरोबर देशोदेशी गेलं होतं. ते पावसातून नदीत, नदीतून समुद्रात आणि शेवाळातून माशांत उतरतं, असं लिहिलं होतं. छापलेलं एवढंच. पुढचं गुरुजींनी स्वतःच्या डोक्यानं जोडलं: सुकट समुद्रातूनच तर येते! खरं तर त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे नळदुर्गच्या किल्ल्यातला बंधारा, आणि तोही यंदा तळाला गेलेला. पण बौद्धवाड्यातून शिकून मास्तर झालेले ते पहिलेच. विज्ञान सोडून बोलायचे नाहीत, त्यामुळं त्यांनी सांगितलं की गाव ऐकायचं.

"रशिया कुठं, आपला समुद्र कुठं," खाटेवरून पुतळाबाई म्हणाल्या. "हितवर कसं यील ते?"

गुरुजींनी पातेल्यात टँकरचं पाणी घेतलं आणि वरून निळीचा एक थेंब सोडला. मुक्ताबाईनं कपाळावर हात मारला. ते पाणी संध्याकाळच्या स्वयंपाकाचं होतं. थेंब तरंगला, पसरला, आणि बघता बघता पातेलं निळं झालं.

"बघ माय. पाणी समदं एकच असतं. एका जागी थेंब पडला की सगळं पाणी गेलं. मग धुऊन उपयोग न्हाय आन भाजून बी न्हाय."

पुतळाबाई पातेल्याकडं बघत राहिल्या. मग लेकाकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या. म्हातारी सुकटीवरून रुसली, असं गुरुजींना वाटलं.

रुसवा काही निघेना. दूध पुढं केलं, नको. पेज केली, नको. आधी निदान चार घास जायचे, आता तेही बंद झाले. गावात मात्र गुरुजींचा शब्द चांगलाच चालला. सरुबाईची पाटी कुणी उतरवून घेईना. दोनदा येऊन ती तशीच परत गेली आणि मग तिनं या गावाची वाटच सोडली.

सोलापूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे शिवशरण सासुरवाडीला आले होते. ते सकाळी संस्थेच्या ओट्यावर टेकले, तेव्हा गुरुजींनी मोठ्या हौसेनं आपला निळीचा प्रयोग सांगितला. प्राध्यापक हसले नाहीत, हेच त्यांचे उपकार.

"गुरुजी, समुद्र म्हणजे पातेलं नव्हे," ते म्हणाले. "विष पडतं तिथं मात्र जपावंच लागतं, वर्षानुवर्षं. तिथल्या माशांत ते साठतं, काही गाळात बसतं. उरलेलं प्रवाह वाहून नेतात, लाटा घुसळतात. पण जितकं लांब जाईल तितकं ते विरळ होत जातं. पाणीच इतकं अफाट आहे. तुमचा तो थेंब एखाद्या भरल्या तलावात सोडा आणि निळं पाणी शोधून दाखवा बघू. एवढ्या लांब, आपल्या किनाऱ्यावरच्या सुकटीला घाबरायचं कारण नाही."

आपण शहाणपण पाजळलं आणि त्यापायी आईच्या तोंडचा घास काढून घेतला, या विचारानं गुरुजींना ओट्यावर बसवेना. सायकलवर टांग मारून त्यांनी थेट नळदुर्गचा बाजार गाठला.

"तुमीच इख म्हणला, आन आता तुमीच घेता व्हय गुरुजी?" सरुबाई म्हणाली.

त्यांनी पिशवी पुढं केली. तिनं मापापेक्षा मूठभर जास्तच घातली. त्यामुळं तर त्यांना जास्तच लाजल्यासारखं झालं.

घरी येऊन सुकट त्यांनी स्वतः भाजली. आईला उठवून बसवलं, पाठीशी उशी दिली आणि घास तोंडाजवळ नेला.

"माय, चुकलं माझं. समुद्र लई मोठा असतो. एका थेंबानं सगळं पाणी जात न्हाय. खा."

पुतळाबाईंनी त्यांचा हात हळूच बाजूला केला. रागानं नव्हे. त्यांचे डोळे भरून आले होते.

"म्या सुकटीवर कुठं रुसले, लिंबा? तू पोटात व्हतास तवा लई तहान लागली म्हणून म्या गावच्या हिरीत घागर बुडवली व्हती. तवा समदे धावून आले, म्हणले, हिचा हात लागला, सगळं पाणी गेलं. निळीचा थेंब टाकलास त्या दिशी तुझ्या तोंडून बी तेच ऐकलं, तवापासून घास उतरत न्हाय बघ."