मापाचा दिवस

तिओफिलनं बादलीवर क्रुसाची खूण केली, पहिल्या मेंढीची कास ओल्या फडक्यानं पुसली, आणि बोलणारी माणसं जवळ सरकली.

तो डोंगराखालच्या सपाट मुलखातल्या शेती-कंपनीचा माणूस. तिथं सकाळी निघालेला ट्रॅक्टर शेताच्या त्या टोकाहून जेवणाच्या वेळेला परत येतो म्हणे. इथं डोंगरात गवत अजून हातानं कापतात. गेल्या आठवड्यात त्यानं विधवा राफिलाच्या बारा मेंढ्या दुप्पट भावानं घेतल्या. दुधासाठी नव्हे, हे न कळण्याइतकं गाव भोळं नव्हतं. मापाच्या दिवशी ज्याचं दूध मापलं जाईल त्याला उन्हाळाभर चीज मिळतं, आणि वरचं कुरण कुणाला द्यायचं यात त्याचं मतही धरतात. अट एकच. धार मालकानं स्वतःच्या हातानं काढायची.

“कंपनीला हात कुठले? लाथ खाऊन उठेल,” गावातला ग्रिगोरे सकाळी म्हणाला होता.

आता बारावी मेंढी उभी होती आणि फेस बादलीच्या काठाला आला होता.

“राफिले, तू शिकवलंस?” म्हाताऱ्या अनुकानं हळूच विचारलं.

“देवाशपथ नाही, काकू. मी नुसत्या मेंढ्या दिल्या.”

“एकदासुद्धा चुकला नाही गं. आपलं माणूस काहीतरी विसरतंच.”

थोरला धनगर निस्तोरनं हेझलच्या झाडाची मापाची काठी दुधात बुडवली. ओल पार वरपर्यंत आली. माप नोंदवायला तिथं खाच पाडायची म्हणून त्यानं सुरी काढली, तशी अनुका पुढं झाली.

“बाळा, तू कुठला?”

“दोन डोंगर पलीकडचा, आजी. आमच्याकडंही माप व्हायचं. माझा बाप काठी धरायचा.”

“आणि तुमचं कुरण?”

“कंपनीकडं आहे. कुंपण घातलंय.” त्यानं नजर वर केली नाही.

“ऐकलंस ना, निस्तोर?” ग्रिगोरे ओरडला. “ठेव ती सुरी!”

“ऐकलं.” निस्तोरनं ओलीच्या रेषेवर सुरी टेकवली. “पण धार त्यानं काढली. रीत मी कशी मोडू?”

खाच पडली.

तिओफिल उठला, हात पुसले, आणि खिशातून मिठाचा खडा काढून तळहातावर धरला. त्याच्या बारा मेंढ्या तो चाटायला पुढं सरकल्या. मग मेंढवाड्यात थांबलेल्या ग्रिगोरेच्या, अनुकाच्या, साऱ्या गावाच्या मेंढ्यांनीही एकदमच त्याच्याकडं माना वळवल्या.