तोच नंबर

बाबांच्या एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात फोन. मोगरवस्तीचा विजेचा डीपी जळाला होता, चार दिवस अंधार होता.

"आमदारसाहेब, जेवताना तरी ठेवा तो," शुभदा म्हणाली.

"अगं, मी जेवतोय हे त्यांना कुठं दिसतंय?" बाबा हसले.

दुसऱ्या दिवशी ते हृदयविकाराने गेले.

तेराव्याला त्यांचा फोन वाजला. "साहेब न्हाईत, ठावं हाय बाई," पलीकडून मोगरवस्तीची एक म्हातारी म्हणाली. "पर दुसरा नंबरच न्हाई आमच्यापाशी. वस्तीत अजून अंधारच हाय, अन् पोरींची दहावीची परीक्षा सोमवारी हाय."

शुभदाने लगेच वीज कचेरीला फोन लावला.

"कोण बोलतंय?" अधिकाऱ्याने त्रासून विचारलं.

कॉलेजात, नोकरीत, सगळीकडे तिने वडील शेतकरी आहेत एवढंच सांगितलं होतं.

"आमदार मुकुंदराव ढोबळ्यांची मुलगी बोलतेय."